रिकाम्या गाडीचं काय

रबाळ्याला तिसऱ्या मजल्यावर
सूक्ष्मदर्शकाची खोली काळोखी ठेवतात.
पावणेदोन वाजलेत. खाली ठाणे-बेलापूर रस्त्यावरून
टँकर गेला की काचपट्टी किंचित थरथरते,
पडद्यावरच्या पेशी धूसर होतात
आणि पुन्हा जागच्या जागी येऊन बसतात.

डावीकडच्या थाळीत प्रथिन आत पोचलंय.
प्रत्येक पेशीच्या पोटात हिरवा, गच्च गोल.
उजवीकडेही तेच प्रथिन, त्याच पेशी.
फक्त चिठ्ठीतलं एक अक्षर मी बदललं.

प्रोलीन, लायसिन, लायसिन, लायसिन,
आर्जिनिन, लायसिन, व्हॅलिन:
एवढीच चिठ्ठी असते, सात अक्षरांची.
दुसरं लायसिन उचललं, तिथे थ्रिओनिन बसवलं,
आणि सगळा माल भिंतीबाहेर तुंबला.
मधोमध केंद्रक, काळं,
बावीत वाकून पाहिल्यासारखं.

सुलभा मढवी माझ्या खांद्यावरून बघते.
"बिचारं," म्हणते, आणि डबा धुवायला जाते.

अप्पा कोपरीच्या जकात नाक्यावर कारकून होते.
सत्तावीस वर्षं शाईचा अंगठा.
रविवारी त्यांना हे सगळं सांगितलं:
भिंतीला हजारो दारं, दारात जाळी,
एकट्या मालाला जाळी ओलांडता येत नाही,
इम्पोर्टिन नावाची गाडी चिठ्ठी वाचते,
माल चढवते आणि जाळीतून आत शिरते.
अप्पा शेंगा सोलत होते. म्हणाले,
"ठीक. माल उतरला. रिकाम्या गाडीचं काय?"

हा प्रश्न मला मुलाखतीत कुणी विचारला नव्हता.

म्हटलं, आत रॅन असतो. लहानसं प्रथिन.
तो गाडीला बिलगतो, तेव्हाच तर माल सुटतो.
मग गाडी रॅनला घेऊन बाहेर येते.
बाहेर आल्यावर त्याच्याजवळचं एक फॉस्फेट तुटतं,
रॅन गळून पडतो, गाडी मोकळी.
"फॉस्फेट," अप्पा म्हणाले. "म्हणजे जकात."
हो, पण आत जाताना नाही, अप्पा.
बाहेर पडल्यावर.
त्यांनी एक शेंग बराच वेळ हातात धरली.
"आमच्याकडे उलटं होतं," म्हणाले.
"म्हणून रांगा लागायच्या."

जनुकाची गोष्ट मी त्यांना सांगितली नाही.
ज्या वळशावर मी ते अक्षर लिहून पेशीत सोडलं
त्या वळशाला या दारांनी क्वचितच आत घेतलं.
फार मोठा, आणि स्वतःची चिठ्ठी नाही.
माल ज्याच्या सांगण्यावरून बनतो
तोच बाहेर ताटकळतो, बहुतेक वेळा कातरला जातो.
उरलेले तुकडे वाट बघतात
पेशीला दोन व्हावंसं वाटेपर्यंत.

चार वाजून वीस. डावीकडची एक पेशी
कडा आवरून गोल होते.
मग भिंत विरते.
दारं, जाळ्या, सगळी मांडामांड सुटी होते
आणि कोंडलेला हिरवा रंग पेशीभर सांडतो.
उजवीकडच्या थाळीतही एक फुटायला आलेली.
या तासाभरापुरतं
बरोबर चिठ्ठी कुणाची, चुकीची कुणाची,
नुसत्या डोळ्यांनी माझं मला ओळखता येत नाही.
पुन्हा भिंत उभी राहील तेव्हा
जो वळसा आत सापडेल, तो आतला.

नाका बंद झाला तेव्हा अप्पा
आठवडाभर रोज सकाळी तिथे जात होते.
केबिन होती, काच फुटलेली. ट्रक थांबत नव्हते.
"वेग बघ त्यांचा," म्हणाले होते मला,
रागानं की कौतुकानं, कळलं नाही.
खिशात डायरी होती.
जाणाऱ्या गाड्यांचे नंबर
ते लिहून घेत होते.

मी वही ओढते.
लिहिते: चार वीस. थाळी पहिली.
भिंत नाही.